वडिलांच्या जागी

ग्वाल्हेरच्या विमानतळावर मी एका विमान कंपनीचा स्टेशन मॅनेजर होतो. काउंटरवरच्या मुलाला वडील नव्हते, म्हणून त्याच्या लग्नाची सुपारी फोडायला खासगी बाजार मोहल्ल्यात मुलीकडे मीच गेलो, वडिलांच्या जागी.

निघण्याआधी दिल्लीहून वरिष्ठांचा फोन आला होता. कंपनी दिवाळखोरीत जातेय, भाड्याची विमानं मालक परत नेणार, उद्यापासून उड्डाणं बंद. "सकाळपर्यंत कुठे बोलू नका. पुनर्रचनेत मोजकीच माणसं राहतील. तुमचं नाव आहे, सांभाळा."

बैठकीत मुलीचे काका रंगात आले होते. "विमानवाले जावई! आता आपलं सामान कोण तोलतंय?" सगळे हसले. मुलीच्या वडिलांनी मात्र हळूच विचारलं, "साहेब, नोकरी पक्की आहे न? पेपरात काही ना काही येत राहतं."

खिशातला फोन थरथरला. नवा सदरा घातलेला तो मुलगा माझ्याकडे निर्धास्त बघत होता.

"काळजी करू नका," मी म्हणालो आणि सुपारी फोडली.

सकाळी काउंटरवर प्रवाशांच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. त्याची नोकरी गेली, माझी राहिली. "तुम्हालाही फसवलं हो," मुलीचे वडील म्हणाले होते. मी मान हलवली होती.

गेल्या आठवड्यात ते दाना ओली मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"नोकरीचं टेन्शन नाही, दुसरी लागेल. पण घरात सगळे म्हणतात, पोराला आधीच माहीत होतं, लपवून सुपारी उरकून घेतली. असं असेल तर आम्ही लग्न मोडतो. मुलगी म्हणते, तो तसा नाही. तुम्ही सांगा."

"त्याला माहीत नव्हतं."

"एका ऑफिसात बसता. कोणाला तरी असेल न?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. इथे गप्प राहिलो असतो, तर संशय त्या मुलावरच राहिला असता.

"मला होतं. त्याच दुपारी फोन आला होता."

"आणि तरी सुपारी फोडलीत?"

"हो."

ते उठले, चपला घातल्या. जिन्यात थांबून, मागे न बघता म्हणाले, "लग्नात त्याच्या वडिलांच्या जागी दुसरं कोणी बसेल."

ते खाली उतरेपर्यंत मी दारातच उभा होतो. मग फोन हातात घेतला. आता त्या मुलाला सांगायचं होतं, आणि बोट त्याच्या नावावर टेकत नव्हतं.