ओढली आणि ओढ़ी

ती घटना अजून आठवते, ती एका क्रियापदामुळे. नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ भेटले. पण क्रियापदानं माणसाला कोठडीत बसवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

राज्य पुनर्रचना नुकतीच झाली होती. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश आला होता आणि मी उज्जैनच्या एका ठाण्यावर नवा सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, दाराबाहेर हिंदी. कोणती कुठे शिरली ते आईलाही कळत नसे. माझा हवालदार मात्र वऱ्हाडचा. पुनर्रचनेत त्याचं गाव मुंबई राज्यात गेलं आणि तो नोकरीसकट इकडे राहिला. बायको गावी. हिंदी चहा मागण्यापुरती.

पौषातली थंडी. शहराबाहेरच्या कापसाच्या जिनमधून खबर आली की मशीनच्या पट्ट्यात सापडून एका तरुण कामगाराचा हात गेला. मी कोर्टात होतो, म्हणून हवालदार जाऊन आला.

"सायेब, अपघात नाही, घातपात हाये. तिथं झाडणाऱ्या बाईनं डोयानं पाह्यलं. त्यानं चादर ओढली अन् पोरगा मशीनीत गेला."

"त्यानं म्हणजे कोणी?"

"तेलवाल्यानं. मशीनीले तेल घालते तो. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. खुद्द मॅनेजरच सांगत होते."

मॅनेजर फार मनापासून सांगत होते. भांडण ठरलं की दोष तेलवाल्याचा आणि कारखाना मोकळा.

तेलवाल्याला आणलं. चौकशीत मी सगळी नाटकं केली. टेबलावर मूठ आपटली, मग आवाज मऊ केला, त्याच्यासाठी चहा मागवला आणि स्वतःच प्यालो. त्याचं एकच पालुपद : "साहब, मेरा यार बच तो जाएगा न?" खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा स्वतःची सुटका विचारतो. हा विचारत नव्हता, आणि ते मला टोचत होतं.

दिवेलागणीला कोठडीतून आवाज आला, "हवालदार साहब, ठंड लग रही है. कुछ ओढ़ने को दे दो."

हवालदार उसळला. "अजून ओढाचं राह्यलंच काय रे तुयं? एकाचा हात घेतला न!"

मी खुर्चीतून उठलोच. "अहो हवालदार, तो पांघरूण मागतोय."

"मंग पांघरूण म्हणावं! ओढतेत ते गाडी, सायेब."

"त्या बाईनं नेमकं काय म्हटलं होतं? तिच्याच शब्दांत सांगा."

"उसने चादर ओढ़ी थी..." एवढं म्हणून हवालदार थांबला. मग आपलं घोंगडं काढून त्यानं गजांतून आत सरकवलं.

सकाळी मी जिनमध्ये गेलो. बाईला म्हटलं, "माँजी, बोलो मत, करके दिखाओ."

तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळून घेतला. "ऐसे ओढ़ी थी छोरे ने. पल्ला लटक रहा था, पट्टे ने पकड़ लिया. तेलवाला तो मशीन बंद करने दौड़ा था. तुम्हारे हवालदार को यही तो बोली थी! मुंडी हिलाता रहा, मैं समझी समझ गया."

पट्टा उघडाच फिरत असे. वर लोखंडी जाळी हवी, ती नव्हती. मॅनेजर म्हणाले, "जाली तो कल ही निकाली, साहब, लड़के को छुड़ाने के लिए." जाळी मागच्या खोलीत आडवी पडली होती. तिच्यावर कापसाची गादी साचलेली, गादीत मांजर, आणि मांजरीची पिल्लं टक्क डोळे उघडून मॅनेजरकडे बघत होती. पिल्लांचे डोळे एका दिवसात उघडत नाहीत. हवालदारानं पंचनाम्यात लिहिलं, 'मांजर, रंग करडा, पिल्लांसह.' मी खोडलं नाही. गुन्हा कारखान्यावर दाखल झाला. तेलवाला सुटला तो घरी गेलाच नाही, धावत दवाखान्यात गेला.

जबाबाला आम्ही पोचलो तेव्हा तो मित्राच्या उशाशी होता. मी तरुणाला विचारलं, "मशीन पर चादर नहीं ओढ़ते, पता नहीं था?"

"पता था, साहब." तो भिंतीकडे बघू लागला. चादर जवळच्याच भैरवगढच्या हातछपाईची, बायकोची होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. "उसकी खुशबू थी उसमें. ये रोज लड़ता था मुझसे, कि उतार दे, मरेगा."

भांडण ते एवढंच होतं.

माझ्यामागे हवालदार खाकरला. "सायेब, याले आमच्याकडेही ओढच म्हणतेत." मग तो खिडकीशी जाऊन बराच वेळ टोपी झटकत राहिला. वऱ्हाडात बदली मिळावी म्हणून त्याचा अर्ज गेलेला होता. पुढे बदली झाली, ती उलट्या दिशेला, झाबुव्याला.

त्या दिवसापासून साक्षीदाराला मी आधी करून दाखवायला सांगत आलो. शब्द कानात शिरताना आपल्या घरचे कपडे घालून शिरतो, हे मला त्या बाईच्या पदरानं शिकवलं.

आता मी पुण्यात मुलाकडे असतो. थंडी पडली की सवयीनं तोंडून जातं, "सूनबाई, ओढायला काही दे गं." ती हसते. "काय ओढायचंय बाबा, गाडी?" आणि शाल आणून देते. चांगली उबदार शाल आहे. मी पांघरतो, पण उज्जैन सुटल्यापासून ओढल्यासारखं काही वाटलेलं नाही.