बारवेचा तळ

मायचे गुडघे बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर दुखणं जाईल, सपाट रस्त्यावर चांगलं चालता येईल, पण उंच पायऱ्या चढणं-उतरणं मात्र विसरायचं. मायनं मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. दवाखान्याबाहेर कडुनिंबाच्या सावलीत आल्यावर म्हणाली, "मंग त्याच्या आधी मला बारवंत उतरायचंय."

कुठल्या बारवेत, हे मला विचारावं लागलं नाही. मायचं माहेर सेलू तालुक्यात. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिनंच सांगितलंय, "नाव नको लिहू बाई, आता तिथं चांगले लोक ऱ्हातेत." त्या गावात जुनी दगडी बारव आहे. पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत जातात. माय लहान होती तेव्हा आमच्या लोकांनी त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, अशी रीत होती. वरच्या शिळेवर घागर ठेवायची, मागं सरायचं आणि कोणी बाई पाणी भरून वर येईपर्यंत थांबायचं. "पाणी वाढा माय," म्हणायचं. बाईच्या मनात आलं तर ती आपला हंडा उंच धरून, भांड्याला भांडं न लागू देता, वरून धार सोडायची. पुढं आमच्या वस्तीत हातपंप आला, मायचं लग्न झालं, ती बोरीला आली. पण बारवेच्या तळाशी काय आहे, हे तिनं कधी पाहिलं नाही. फक्त ऐकलं. खालून येणारा पाण्याचा आवाज, बायकांचं हसणं, भांड्यांचा खणखणाट.

"खाली काय हाय गं माय?" असं ती आपल्या आईला विचारायची. आजी सांगायची, खाली दगडाच्या खोल्या आहेत. खोल्यांत दिवे आहेत. दगडाचे हत्ती आहेत, ते रात्री सोंडेनं पाणी पितात. माय म्हणते, ती बारव तिच्या स्वप्नात आयुष्यभर येत राहिली. लग्नानंतर आली, माझ्या वेळी बाळंतीण असताना आली, कापूस वेचून दमून झोपल्यावर आली. स्वप्नात ती उतरायची. पायऱ्या संपायच्या नाहीत, आणि हत्ती दिसायच्या आतच जाग यायची.

मी बोरीच्या शाळेत शिकले, पुढे परभणीला कॉलेज केलं, आमच्या घरात पहिली पदवीधर झाले आणि आता परभणीतच नोकरी करते. माझ्या पुस्तकांमागं मायनं चिरलेल्या बोटांनी वेचलेली कापसाची किती बोंडं आहेत, हे मला माहीत आहे. त्यामुळे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं तेव्हा मला आनंदच झाला. गेल्या वर्षी मी एक जुनी, लहानशी गाडी घेतली होती. येत्या रविवारी जाऊ, म्हटलं.

रविवार आला. मायनं भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधला, पुढच्या सीटवर बसली आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "आज तिकडं नको. आज नेमगिरी दाव."

मी तिच्याकडं बघितलं. ती समोर रस्त्याकडं बघत होती.

आमच्याकडं नुसतं बघायला कुठं जाणं ही गोष्टच नव्हती. लग्नाला जायचं, मयताला जायचं, बाजाराला जायचं, दवाखान्याला जायचं. वाटेत डोंगर लागला तर तो एसटीच्या खिडकीतून मागं जायचा. त्या हिवाळ्यात आम्ही माय-लेकी पहिल्यांदा बघायला म्हणून निघालो. जिंतूरच्या रस्त्याला ज्वारी पोटरीत आली होती. शेतांवर धुकं इतकं खाली बसलेलं, की पिकं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. माय पुढच्या सीटवर पाय रोवून बसायची आणि वळण आलं की पाय दाबायची, जणू तिच्याही बाजूला ब्रेक होता.

"सावकास. बैल बुजतील."

"माय, रस्त्यावर एकही बैल नाही."

"तुला दिसंना झालाय. मला दिसायलाय."

नेमगिरीच्या लेण्यांत दारं इतकी ठेंगणी, की वाकून, जवळजवळ बसून आत जावं लागतं. दारापाशी मी तिला म्हटलं, गुडघे दुखतील, राहू दे. पण तिनं पदर खोचला आणि माझ्याआधी आत शिरली. आत थंडगार अंधार आणि तेलाच्या दिव्याचा वास. एका लहानशा दगडावर तोललेली तीर्थंकरांची मोठी काळी मूर्ती पाहून ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग खाली वाकून मूर्ती आणि जमीन यांच्यामधल्या फटीत बघितलं. "खाली रिकामं हाय," ती हळूच म्हणाली, जशी काही तिला एखादी बातमी कळली होती.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, आज चारठाणा. त्याच्या पुढच्या रविवारी येलदरी. मला कळत होतं. बारव जवळ आली की ती दुसरं गाव पुढं करायची. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती आणि मी घाई करत नव्हते, कारण मलाही हा उशीर आवडायला लागला होता.

चारठाण्याला एक उंच दगडी खांब आभाळात एकटाच उभा आहे. त्याच्या पायथ्याशी शेळ्या बसलेल्या. गल्लीगल्लीत मंदिरांचे तुकडे, कोणाच्या ओट्याला कोरीव दगड, कोणाच्या गोठ्याच्या दाराशी अर्धी अप्सरा. तिथं एक पायऱ्यांचं कुंडही आहे. माय कडेला बसली आणि उतरली नाही. "इथूनच दिसतंय," म्हणाली. एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते. त्यांनी विचारलं, "फोटो काढायला आलाव का?"

"न्हाई," माय म्हणाली, "सराव करायलाव."

"कशाचा?"

"बघायचा."

ते हसले आणि तिला थोडी जागा करून दिली.

येलदरीला आम्ही धरणाच्या पुढं, पाण्याच्या कडेला बसून भाकरी खाल्ली. वारा पाण्यावरून यायचा आणि तिच्या केसांत शिरायचा. पलीकडचे डोंगर निळे, त्यांचं प्रतिबिंब त्याहून निळं. मायनं घास हातात तसाच धरला होता. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् कोनालाच मागायचं न्हाई." मग तिनं तो घास खाल्ला आणि परतीच्या वाटेवर बोरीच्या अलीकडं, मी काही विचारलं नसताना म्हणाली, "हत्ती नसले तर काय करायचं?"

तेव्हा मला तिच्या उशिराचं कारण समजलं. मला वाटत होतं तिला गावाची भीती वाटते. तिला भीती होती ती तळाची. स्वप्नातली बारव तिची एकटीची होती. तिथून तिला कोणी हाकललं नव्हतं. खरी बघितली तर ती मोडेल, आणि बघितली नाही तर पायऱ्या कायमच्या बंद.

"मी पुढं जाऊन बघून येऊ का?" मी विचारलं. "आधी सांगते तुला."

"नगं," ती म्हणाली. "सांगितलेलं लय झालं."

शेवटी उरलेल्या रविवारी ती कुठल्याच दुसऱ्या गावाचं नाव न घेता गाडीत बसली. सेलूच्या बाजूला वळलो तेव्हा ऊन वर आलं होतं. कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या, त्यांत राहिलेलं एखादं पांढरं बोंड. गावात शिरल्यावर ती मला वाट सांगत गेली. रस्ते बदलले होते, डांबर आलं होतं, पण तिचा हात बरोबर वळायचा. बारव गावातल्या पोरांनी गेल्या दोन-तीन वर्षांत साफ केली होती. झुडपं काढलेली, गाळ उपसलेला, कडेला रंगवलेली पाटी, कचरा टाकू नये. कठड्याजवळ जुन्या लुगड्याच्या धडप्यावर तूर वाळत घातली होती आणि तिच्याजवळ मायच्याच वयाची एक बाई बसली होती.

"कोन गावच्या?" तिनं विचारलं.

"ह्याच," माय म्हणाली.

"ह्याच? मंग मला कशा ठावं न्हाईत? कोनाच्या तुमी?"

मायनं आपल्या बापाचं नाव सांगितलं. त्या बाईनं जरा आठवलं. ती सून म्हणून या गावात आली होती, पण नाव तिच्या कानावर असावं. "म्हंजी खालच्या आळीच्या."

"व्हय."

"लेक हाय का ही?"

"लेक हाय. परभणीला नोकरीला हाय. गाडी तिनंच चालवत आनली."

"बगा की," ती बाई माझ्याकडं बघत म्हणाली. मग मायला म्हणाली, "बारव बघायला आलाव? उतरा की मंग. आता कोन इचारतंय."

"तवा बी कोन इचारत नव्हतं," माय म्हणाली. "सांगत व्हते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ती बोलली. त्या बाईनं तुरीत हात घातला. हातातली तूर तिनं चाळवली, पुन्हा चाळवली. मग म्हणाली, "ते बी खरंच हाय," आणि उठून धडप्याची दोन टोकं धरली. तूर पायऱ्यांच्या तोंडापर्यंत पसरली होती. ती सगळी तिनं ओढून बाजूला घेतली. सांडलेले दाणे हातानं झाडले. वाट मोकळी झाली.

"हात देऊ का?"

"नगं. पायऱ्या हायत की."

पण माय लगेच उतरली नाही. वरच्या शिळेवर जाऊन थांबली. शिळेला घागरी ठेवून ठेवून वाटीसारखा खळगा पडला होता. मायचे पाय आपोआप त्या खळग्यापासून दोन पावलं मागं सरले आणि तिनं पदर पुढं घेतला. मान जरा कलती. मला वाटलं ती चक्कर येऊन पडते की काय. पण ती ऐकत होती. खालून काहीच आवाज येत नव्हता. कुठंतरी पारवा घुमत होता. तिथं ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिनं पदर मागं टाकला, चपला काढल्या आणि खळग्यावरून पाय पुढं टाकला.

पायऱ्या माझ्याही गुडघ्याला येतील एवढ्या उंच. माय बसून उतरू लागली. एका पायरीवर बसायचं, पाय खाली सोडायचे, हातांवर भार देऊन घसरायचं. मी एक पायरी पुढं, तोंड तिच्याकडं करून, हात पसरून. ती कण्हत होती आणि मध्येच थांबून मला बोलत होती, "बाजूला सर, मला दिसंना." वळण आलं तसं वरचं ऊन तुटलं. गावाचे आवाज गेले. आमचा श्वास भिंतींना लागून परत यायला लागला. हवा गार झाली, आणि दगडाला ओल्या मातीचा वास येऊ लागला.

मग पायऱ्या संपल्या.

खाली पाणी होतं. हिरवं, स्थिर, एवढं नितळ की तळातल्या दोन पायऱ्या अजून खाली जाताना दिसत होत्या. भोवतीनं भिंतीत कोनाडे होते, रिकामे. एकात विझलेल्या उदबत्तीची राख. दगडावर कमळाची एक रांग कोरलेली. खोल्या नव्हत्या. दिवे नव्हते.

माय चारी भिंतींवर नजर फिरवत होती. मीही शोधत होते. एका कोपऱ्यात झिजलेला, फुगीर दगड दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा बघ, हा हत्तीच असंल, झिजलाय."

"गप," ती म्हणाली. "हत्ती न्हाई तो."

तिनं भिंतीवर हात ठेवला. ओला दगड तळव्याला लागू दिला. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं.

"आगं," ती म्हणाली, "मायला तरी कुठं ठावं व्हतं! ती बी कवा उतरली व्हती इथं?"

आणि ती हसली. हसणं भिंतींवरून फिरून परत आमच्याकडं आलं, जरा उशिरानं, जरा वेगळ्या आवाजात. ती थांबली, ऐकलं आणि पुन्हा हसली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत होती असं मला म्हणता येणार नाही.

शेवटच्या पायरीवर बसून तिनं पाय पाण्यात सोडले. गुडघ्यांपर्यंत साडी वर घेतली. सुजलेले, वाकडे झालेले ते गुडघे पाण्यावर तसेच राहिले. तिनं ओंजळ भरली. मला वाटलं ती पिणार. "पिऊ नको गं," मी म्हटलं.

"कोन पितंय?" म्हणत तिनं ओंजळ डोळ्यांसमोर धरली आणि बोटांच्या फटीतून पाणी गळू दिलं. थेंब पाण्यात पडले. वर्तुळं पसरली आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची जाळी हलायला लागली. दुपार सरळ वर आली होती. उन्हाचा एक तुकडा आता खालपर्यंत पोचला होता.

वरून त्या बाईचा आवाज आला, "पोचलाव का?"

"पोचलो," माय म्हणाली.

मग तिनं भिंतीला डोकं टेकवलं. मी तिला परत वर कसं न्यायचं याचा विचार करत होते. बसून चढता येईल का, गावातून कोणाला हाक मारावी लागेल का. विचारायला तिच्याकडं बघितलं तर तिचे डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं. ती झोपली होती. दुपारची गाढ झोप, शेतातून घरी आल्यावर लागायची तशी. उजेडाची जाळी तिच्या कपाळावर, गालावर, पांढऱ्या केसांवर हलत होती.

वरून पुन्हा हाक आली. मी तोंडावर बोट ठेवून वर बघितलं. कठड्यावरचा चेहरा मागं गेला.

पाण्यात बारीक मासे होते, मघाशी लपलेले. ते एकेक करून तिच्या पायांजवळ आले. एकानं अंगठ्याला तोंड लावलं. तिनं झोपेतच पाय जरा ओढून घेतला आणि मग पुन्हा पाण्यात सोडून दिला.