पाठ न टेकलेले भावनृत्य

नृत्यवर्गाच्या दाराशी चपला साचतात, तसे हे किस्से माझ्यापाशी साचले. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत वासंतीबाई भावनृत्याचा वर्ग चालवीत. मुलींना गाण्यांचा अर्थ समजावून देण्याचे काम माझ्याकडे होते. ग्रंथालयातील निम्मी कपाटे वाचून संपविली असल्यामुळे हा मान मला योग्यच वाटे. मुलींचे मत कोणी विचारले नाही.

*

कुस्तीच्या एका तालमीचे वस्ताद आपल्या लेकीला, रंजनाला, घेऊन आले. पायात घुंगरू बांधणार का, हा त्यांचा पहिला प्रश्न. बाई म्हणाल्या, घुंगरू नाहीत. येथे गाण्याचा अर्थ अंगातून सांगायचा असतो.

“अर्थ सांगायला देवानं त्वांड दिलंय की, बाई!”

तरीही लेकीच्या हट्टापुढे ते नमले. अट एकच: वार्षिक कार्यक्रम स्वतः पाहणार, आणि पटला नाही तर त्याच दिवशी तिचा वर्ग बंद. रंजनाने मग एकही तास चुकविला नाही.

*

तिला मिळालेले गाणे बाजारास गेलेल्या आईची वाट पाहणाऱ्या मुलीचे होते. प्रतीक्षा या विषयावर मी पाऊण तास विवेचन केले. नंतर बाईंनी प्रत्येकीस वाट पाहून दाखविण्यास सांगितले. इतर मुलींनी कपाळावर हात आडवा धरला. रंजनाने एक पाय दुसऱ्या पायावर घासला, नसलेली पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मान उंचावली आणि पुन्हा खाली घातली.

“ही पेठ वडगावच्या एसटीची वाट पाहते आहे,” असा आक्षेप मी घेतला.

“पण पाहते आहे ना, काका?” बाई म्हणाल्या.

*

सरावाच्या वेळी वस्ताद बाकावर बसून असत. निराश झालेली मुलगी शेवटी जमिनीवर उताणी पडते, अशी बाईंची योजना होती. रंजना मागे कलताच वस्ताद गरजले, “पाठ लावू नगंस!”

चारचौघांत वस्तादांच्या लेकीची पाठ जमिनीला टेकणे म्हणजे कुस्ती हरणे. मी सौंदर्यशास्त्राचे दाखले दिले. ते त्यांनी शांतपणे ऐकले व पुन्हा तेच सांगितले. अखेर दुःख बसूनच करावे, असे ठरले.

*

कार्यक्रम भर दुपारी होता. वस्ताद पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. रंजनाचे निम्मे गाणे झाले आणि वीज गेली. टेपरेकॉर्डर थांबला, पंखे थांबले. उघड्या दारांतून उजेड येत होता. पण लोक उकाड्याने उठू लागले. मी पडद्याआडून रंजनाला आत येण्याची खूण केली. तिने पाहिले नाही. गाण्याविना ती तशीच वाट पाहत राहिली.

वस्ताद उठले. वर्ग संपला, असे मी मनाशी म्हटले. ते लोकांकडे वळले.

“बसा की खाली. तिची आई आली न्हाय अजून.”