बाळूचं घर आणि तीन कड्या

ॲल्युमिनियमच्या कामात तुकडे फार साचतात. खिडकी झाली की चार इंच, सहा इंच काहीतरी उरतंच. टाकून देववत नाही आणि पुढच्या कामाला पुरत नाही. कोपऱ्यात ढीग वाढत जातो. किश्शांचंही तसंच आहे. वराळ्याच्या आमच्या शेडमध्ये चहाच्या वेळी कोणीतरी एक किस्सा काढतं आणि त्याच्यामागून चार घरंगळत येतात. त्यातही एका गिऱ्हाइकाचे किस्से इतके झालेत की त्यांचा ढीग वेगळा करावा लागला. लोणावळ्याच्या जोगळेकर मॅडम. म्हणजे ऑर्डर मॅडमच्या नावावर, खरं गिऱ्हाईक बाळू!

शेडमध्ये आम्ही तिघं. मी सुहास, फोन-ऑर्डरी सांभाळणारी रेश्मा आणि कुरवंड्याचे दत्तूभाऊ सुतार. दत्तूभाऊंचा हात सोन्याचा, जीभ मात्र कानशीची.

* * *

पहिला फोन रेश्मानं घेतला.

"आठ फूट बाय तीन, उंची चार. समोर काच, आत हीटर," ती मोठ्यानं म्हणत लिहून घेत होती. "आत काय ठेवणार, मॅडम?"

"बाळूला."

रेश्माचं पेन थांबलं. "किती वर्षांचा आहे?"

"पाचवं चालू आहे. स्वभावानं फार गरीब हो, पण फट दिसली की निघाला!"

"पण मॅडम, असं काचेत... शाळेत वगैरे जात नाही का?"

"शाळेत मी गेले, तीस वर्षं. गणित शिकवलं. तेवढं पुरे झालं एका घराला. हा पंधरा दिवसांतून एकदा जेवतो आणि उरलेले दिवस झोपतो."

रेश्मानं फोनवर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "सर, आधी पोलिसांना कळवू, की आधी कोटेशन पाठवू?"

* * *

बाळू हा साप आहे, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा रेश्माचा जीव भांड्यात पडला. माझा वर आला!

मी आणि दत्तूभाऊ माप घ्यायला गेलो. बाळू परदेशी जातीचा, बोआ. विषारी नाही. आपल्या रानातला असता तर कायद्यानं पाळताच आला नसता. मॅडमच्या मुलानं, रोहननं, पिल्लू असताना आणलेला. पुढं रोहन नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि बाळू आईकडे राहिला. बाळूच्या सरकारी नोंदणीचा कागद रोहनच्या डिग्रीशेजारी फ्रेम करून लावलाय. फ्रेम बाळूची मोठी आहे.

दत्तूभाऊ फाटकाशीच थांबले. "शेठ, मी खिडकीतनं माप सांगतो. त्या लांबड्याच्या खोलीत मी पाय ठेवायचा न्हाई."

बाळू होता एका जुन्या फिश टँकमध्ये. चांगला दंडाएवढा जाड, वेटोळं करून कसाबसा मावलेला. लोणावळ्याच्या दमट हवेत काचेवर घाम धरलेला. टँकवर प्लायची फळी, फळीवर दोन जाड शब्दकोश आणि त्यांच्यावर वरवंटा.

"वरवंटा ठेवल्यापासून फार सुधारणा आहे," मॅडम म्हणाल्या. "दोनदाच बाहेर आलाय!"

लांबी मोजण्याची मॅडमची पद्धत खास. बाळू भिंतीकडेनं सरकत असताना त्याच्या पाठीवरून लोकरीचा धागा सोडत जायचा आणि मग धागा टेपवर धरायचा. सात फूट सात इंच भरला. खिडकीबाहेरून दत्तूभाऊंनी विचारलं, "बाई, वाढत्या अंगाचं करायचं का बेताचं?"

"वाढत्या अंगाचं," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण लांब होऊन पडता आलं पाहिजे त्याला. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, आणि लपायला एक खोकं. एवढंच मागणं आहे त्याचं."

"एवडं तर माज्याबी घरात न्हाई," दत्तूभाऊ म्हणाले.

* * *

चहा घेताना मॅडमनी खरी अडचण सांगितली. नाशिकचे एक गृहस्थ बाळूला न्यायला तयार होते. त्यांच्याकडं सापांसाठी स्वतंत्र खोली होती, सगळी व्यवस्था होती. रोहनचं म्हणणं, आई, तुला एकटीला हे झेपायचं नाही. शेवटी माय-लेकांत ठरलं होतं, की महिनाअखेरच्या रविवारी रोहन व्हिडिओ कॉलवर नवं घर बघेल. पटलं तर बाळू लोणावळ्यात, नाहीतर नाशिकला.

"मला साप आवडत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आजही नाही आवडत. पण बाळू गेला तर बाजारातून आल्यावर 'आले रे' असं मी कुणाला म्हणू?"

मी बिस्कीट चहात बुडवून तसाच बसलो. बिस्कीट तुटून पडलं. वाईट वाटलं, सरळ सांगतो. काही झालं तरी हे काम पहिल्या नंबरचं करायचं, असं मनाशी ठरवूनच उठलो.

* * *

आणि पहिलीच माती खाल्ली!

एका चिक्कीच्या दुकानाचं नूतनीकरण चालू होतं. त्यांचं जुनं काउंटर बाहेर काढलेलं. आठ फुटी, तिन्ही बाजूंनी काच, आत दिवे, लॉकची सोय. मला वाटलं, देवच पावला. नवं घर होईपर्यंत बाळूला तात्पुरती जागा म्हणून मी ते टेम्पोतून मॅडमकडं नेलं. मॅडमनी गरम पाण्यानं चारदा पुसलं.

दुपारी बाळूला आत सोडलं. चारला मॅडमचा फोन. "सुहास, मुंग्या!"

गुळाचा पाक काउंटरच्या सांध्यांत वर्षानुवर्षं मुरलेला. तो काय पुसून जातोय? खिडकीपासून काउंटरपर्यंत मुंग्यांची सरळ रांग, आणि बाळू बिचारा एका कोपऱ्यात आकसून बसलेला. कोंडलेल्या सापाला मुंग्या कुरतडून काढतात, हे मला मॅडमनी तेव्हा सांगितलं. एकही चावली नव्हती, नशीब! बाळू पुन्हा फिश टँकमध्ये, वर शब्दकोश, वर वरवंटा.

त्या दुपारचा फोटो मात्र रेश्माकडं अजून आहे. बाळू ज्या काचेला तोंड लावून बसलाय, तिथला दुकानाचा स्टिकर मॅडमना काही केल्या निघाला नव्हता. "आधी चव घ्या, मग विकत घ्या!"

* * *

मग मी खरं घर केलं. मरीन प्लायची बॉडी दत्तूभाऊंची, पुढचं काचेचं काम माझं. माझं आयुष्य स्लायडिंगमध्ये गेलंय, त्यामुळं पुढं स्लायडिंगच लावलं. मच्छरजाळीपण लावणार होतो. मॅडम म्हणाल्या, जाळी नको, नाक घासून घासून सोलवटून घेतो. बरं म्हटलं, नुसती काच. पण बेअरिंग मी सगळ्यात भारी टाकली. मावळात कुणालाही विचारा, आमच्या शेडची खिडकी एका बोटानं सरकते. गिऱ्हाइकासमोर मी स्वतः करंगळीनं सरकवून दाखवतो. मॅडमनाही दाखवली. बाळूही बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मॅडमचा आवाज एकदम शांत, फळ्यावर गणित सोडवताना असतो तसा.

"सुहास, तुमची खिडकी एका बोटानं सरकते, हे अगदी खरं आहे."

"थँक यू मॅडम!"

"नाकानंही सरकते."

बाळू पडद्याच्या दांडीवर सापडला. दांडी पडद्यासकट खाली आली होती. कुणाला काही झालं नाही, तेवढं बरं. पण रविवार चार दिवसांवर आला होता, बाळू परत टँकमध्ये आणि माझं स्लायडिंग भंगारात.

दत्तूभाऊ एवढंच म्हणाले, "शेठ, दाराला कडी लागती. भाईरनं. तीन."

* * *

आता मध्ये दत्तूभाऊंची एक सवय सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कपाट असो की पेटी, काम पूर्ण झालं की दत्तूभाऊ स्वतः आत जाऊन बसतात. दार बाहेरून लावायला सांगतात आणि अंधारात बघत राहतात. जिथून उजेड दिसेल तिथं सांधा कच्चा. आत बसल्याबसल्या पेन्सिलीनं खूण करतात. तीस वर्षांत एक काम या परीक्षेशिवाय दिलं नाही त्यांनी.

तळेगावात एका फ्लॅटमध्ये वॉर्डरोब केला होता. दत्तूभाऊ आत बसले, मी स्क्रू आणायला खाली गेलो. घरातल्या आजी देवळातून आल्या. नवं कपाट बघून हरखल्या आणि कौतुकानं दोन्ही दारं उघडली. आत अंधारात एक माणूस, मांडी घालून!

आजींच्या हातातला प्रसाद खाली सांडला. दत्तूभाऊ मात्र जरा वैतागूनच म्हणाले, "मावशी, दार लावा. उजेड येतुया."

* * *

तर रविवार. भर पावसाळा, धुकं अगदी खोलीत आलेलं. बाळूच्या नव्या घराची बॉडी स्लायडिंग काढल्यापासून खोलीत उभीच होती. पुढची बाजू उघडी, आतला हीटर थर्मोस्टॅट तपासायला रात्रभर चालू, कोपऱ्यात दत्तूभाऊंनी अठरा एमएमच्या प्लायमधून केलेलं लपायचं खोकं. आम्ही नवं दार घेऊन नऊला पोचलो. काचेचंच, पण बिजागरीचं आणि तीन कड्यांचं. रोहनचा कॉल अकराला.

मॅडम दारातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. "वरवंटा खाली पडलाय," त्या म्हणाल्या.

टँक रिकामा!

मी सोफा उलटा केला. गाद्या झटकल्या, फ्रिज ओढला, वॉशिंग मशीनमध्ये टॉर्च मारली, गीझरवर हात फिरवला. मॅडम प्रत्येक खोलीत जाऊन हलक्या आवाजात "बाळू, ए बाळू" म्हणत होत्या. सापाला हाक कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पायाखालची लादी थंडगार झाली होती, आणि थंडीत त्याचं काय होईल या विचारानं मी टॉर्च घेऊन पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात केली.

दत्तूभाऊंनी जीव मुठीत धरून, दर मिनिटाला मागं बघत दार बसवलं. मग हत्यारं गोळा केली आणि सरळ पेटीतच शिरले.

"शेठ, कड्या घाला. काचंवर चादर टाका. मी उजेड बगतो."

"भाऊ, आत्ता? बाळू सापडत नाहीये!"

"म्हनूनच! त्ये मोकळं हाय तवर समद्या बंगल्यात ही एकच जागा भरवशाची हाय. तिन्ही घाला!"

मी तिन्ही घातल्या, चादर टाकली. आतून थोड्या वेळानं आवाज आला, "लय उबदार झालंय! बसायला बी खोकं बेस हाय." मग बहुधा डुलकी लागली.

पावणेअकरापर्यंत आमचा माळासुद्धा बघून झाला. बाळू नाही. अकराला फोन वाजला. मॅडमनी पदरानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि कॉल घेतला.

"आई, दाखव ना घर!"

मॅडम पेटीसमोर आल्या. मला म्हणाल्या, "काढा चादर. निदान तुमचं काम तरी बघू दे त्याला." मी चादर ओढली. काचेआड दत्तूभाऊ, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे ताठ.

"हितनं मुंगी बी भाईर जायची न्हाई," ते आतूनच ओरडले.

"वा, कडक झालंय!" रोहन म्हणाला. "हे काका कोण? आणि बाळू?"

मॅडमनी फोन दोन्ही हातांनी धरला. "रोहन, तुला खरं सांगते. सकाळपासून बाळू..."

"एक मिनिट, आई. फोन जरा खाली घे. अजून खाली. हां! दिसला की. काकांच्या दोन पायांच्या मधून बघतोय."

खोक्याच्या भोकातून एक शांत, चपटं डोकं हातभर बाहेर आलं होतं, आणि दत्तूभाऊंच्या उजव्या बुटाची चौकशी करत होतं.

"स्वतःच जाऊन राहिला म्हणजे आवडलंय त्याला," रोहन हसत म्हणाला. "नाशिकच्या काकांना मी नाही म्हणून कळवतो. शाब्बास, आई!"

मॅडम होत्या तिथंच जमिनीवर बसल्या. एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या, आणि काचेला हात लावून "आहेस रे, आहेस रे" म्हणत होत्या. माझेही डोळे भरून आले. किती वेळ गेला कोण जाणे.

मग आतून, खाली न बघता, ओठसुद्धा न हलवता, दत्तूभाऊ म्हणाले, "बाई, कड्या काडा. हळू काडा. घरमालक घरातच हायेत."