दोर, ट्यूब आणि आबांची विहीर

होळीच्या आठवड्यात न्हावऱ्याजवळच्या एका गावात दोन चुलतभावंडं शेततळ्यात बुडाली. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी आठ. कैऱ्या धुवायला काठावर बसली होती म्हणतात. शेततळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्या माणसालाही वर येणं कठीण.

तिसऱ्या दिवशी सुलक्षणा रणपिसे तिथे गेली. घरच्यांजवळ बसली आणि निघताना एकटीच तळ्यावर जाऊन आली. पाणी उपसून टाकलं होतं. उतारावरच्या शेवाळात बोटांचे ओरखडे होते, वर चढत गेलेले, पुन्हा खाली घसरलेले. पुष्कळ होते. नंतर ती मला म्हणाली, "सर, एक दोर लोंबत असता तरी पुरला असता. साधा दोर."

सुलक्षणा तळेगाव ढमढेऱ्याची, पण तिचं आजोळ याच गावातलं, बौद्ध वस्तीवरचं. वय एक्केचाळीस. बारावीनंतर शिक्रापूरच्या बाजूला एका कारखान्यात नऊ वर्षं वायरी तपासायच्या लाइनवर होती. कंत्राट संपलं तेव्हा ती विहारात संध्याकाळी पोरांचा अभ्यास घ्यायला लागली आणि त्यातून तिला हे काम मिळालं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मुलांसाठी, तरुणांसाठी काही ना काही करणारी लहान लहान मंडळं आहेत. त्यांना एकमेकांशी जोडून ठेवायचं. पदाचं नाव समन्वयक. प्रत्यक्षात स्कूटीवरून फिरणं, चहा पिणं आणि रुसवे काढणं. तिच्या यादीत बावीस मंडळं होती. शिरूरचं आमचं वाचनालय त्यातलंच एक. मी तिथला निवृत्त मास्तर, म्हणून सर.

खरं सांगायचं तर तिला या कामावर तीन वर्षं झाली तरी ही मंडळं जोडली गेलीच नव्हती. व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, त्यावर सकाळी फुलांची चित्रं यायची. जूनमध्ये एकाच शाळेत तीन मंडळं दप्तरं वाटून फोटो काढायची, आणि पलीकडच्या वस्तीवर एकही जायचं नाही.

मुलं गेल्यावरही तसंच झालं. गावातल्या मच्छिंद्रच्या तरुण मंडळानं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. मुलं त्याच्याच भावकीतली होती, तो दोन दिवस जेवला नव्हता हे मला माहीत आहे. ललिताच्या बचत गटानं मुलांच्या नावानं वह्या वाटायचं ठरवलं. विहारातल्या पोरांनी तहसीलदारांना द्यायचं निवेदन लिहिलं. आम्ही वाचनालयात शोकसभा घेतली. प्रत्येकानं आपापलं केलं आणि विषय मिटल्यासारखा झाला.

सुलक्षणानं तो मिटू दिला नाही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिनं सगळ्यांना गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. बावीसपैकी नऊ आले. तिनं भाषण केलं नाही. पिशवीतून नायलॉनचा एक दोर काढला. त्याला हातभर अंतरानं गाठी मारलेल्या होत्या आणि टोकाला ट्रकची जुनी ट्यूब बांधलेली होती.

"हा काठावरच्या खुंट्याला बांधायचा आन् पाण्यात सोडायचा," ती म्हणाली. "आपल्या भागात तळी किती हायत, कुणाला माहीत आहे का?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मग मच्छिंद्रभाऊ, तुमच्या पोरांनी मोजायची. तुम्ही शेतात शिरलात तर कुणी हटकणार नाही, मी शिरले तर हटकतील. ललिताताई, गाठी तुमच्या बायका मारतील. शिक्रापूरला खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांची क्रिकेट टीम आहे ना आपल्या यादीत, ते पंक्चरवाल्यांकडून ट्यूबा गोळा करतील. हायवेला ट्रक काय कमी हायत?"

ललिता म्हणाली, "आन् वह्या?"

"वह्या जूनमध्ये वाटा की. तळी आत्ता भरलेली हायत."

इथवर सगळं सुरळीत झालं. मग ती म्हणाली की दोरानं भागणार नाही, मे महिन्यात पोरांना पोहायला शिकवायचं. त्यासाठी पायऱ्यांची विहीर हवी. गावात तशी एकच, रखमाजीआबांची. दगडात बांधलेली, रुंद, कॅनॉलच्या पाझरामुळे उन्हाळ्यातही पाणी धरून असलेली.

मच्छिंद्र चुळबुळला. "ताई, आबा देतील इहीर. पण पोरं कुठली कुठली येणार?"

"गावची."

"तसं न्हाई. म्हंजी वस्तीवरची पोरं कॅनॉलला शिकतातच की. त्यांची बॅच तिकडं लावू. सोयीचं पडंल त्यांना."

व्हरांड्यात कुणी बोलेना. मीही बोललो नाही. ते मला आजही लागतं. सुलक्षणाची आजी त्याच विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी कुंडाशी, घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. हे व्हरांड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं.

सुलक्षणानं दोराची गुंडाळी केली. आवाज चढवला नाही. "कॅनॉलला वाहतं पाणी आहे, तिथं शिकवायचं नसतं. बॅच एकच होईल मच्छिंद्रभाऊ. दोन करायच्या असतील तर मी त्यात नाही, आन् दोरही तुमचे तुम्ही बांधा."

"मी माझ्या मनाचं न्हाई बोलत. लोक बोलतील ते सांगतोय."

"मग लोकांना माझ्याकडं पाठवा."

त्याच संध्याकाळी ती आबांकडे गेली. रखमाजीआबा सत्तरीचे, सोसायटीचे जुने संचालक, कमी बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं.

"शिकवणार कोण?"

"धुरपदामावशी. पारगावच्या."

"ती नदीकाठची? मासं धरणारी?"

"व्हय."

"आन् पोरं?"

"सगळी, आबा. वस्तीवरची धरून. आधीच सांगते, नंतर नको."

आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती चहा घेऊन परत आली. चार दिवस निरोप नाही. पाचव्या दिवशी मच्छिंद्रचा फोन आला. आबांनी सकाळीच दोन गडी लावून विहिरीतला पालापाचोळा काढला होता, पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून घेतलं होतं. निरोप एवढाच होता: सकाळी सात ते नऊ विहिरीवरची मोटर बंद राहील.

एक मेनंतरच्या सोमवारी शिकवणं सुरू झालं. धुरपदामावशी साठीच्या पुढच्या, काळ्यासावळ्या, खांदे अजून पुरुषासारखे. त्या नऊवारीचा काचा मारून पाण्यात उतरायच्या आणि प्रत्येक पोराच्या पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधायच्या. नावं बावीस पोरांनी दिली होती, पहिल्या दिवशी सात आली, सातही वस्तीवरची. गावातलं एकही नाही. विहिरीच्या कठड्यावर चार-पाच माणसं हाताची घडी घालून उभी होती.

सुलक्षणानं मावशींना सांगितलं, "सातांना शिकवा."

दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी सात. रोज सकाळी सहाला ती तळेगावहून स्कूटीवर निघायची, नऊनंतर ऊन चढलेलं असताना गावात घरोघर जायची. कुणी म्हणायचं पोराला सर्दी आहे. कुणी म्हणायचं मामाच्या गावाला गेलाय, आणि तो मागच्या दारी दिसायचा. एका घरातून तिला पाणीही विचारलं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात गेली.

चौथ्या दिवशी आबा स्वतः आले. सोबत त्यांची दोन नातवंडं, टॉवेल खांद्यावर टाकलेली. आबा कठड्यावरच्या माणसांकडे न बघता पायरीवर बसले आणि नातवंडांना म्हणाले, "उतरा." नऊ वाजेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. पुढच्या दिवशी पंधरा पोरं होती. मच्छिंद्रचा पुतण्याही त्यात होता आणि त्याला मच्छिंद्रनंच आणून सोडलं होतं.

पण मुली येईनात. दोन्हीकडच्या येईनात, हे विशेष. आयांचं म्हणणं एकच, पोरीच्या जातीला पोहायचं काय काम. बुडालेली एक मुलगीच होती याची आठवण सुलक्षणानं कुणाला करून दिली नाही. तिनं ललिताला सांगितलं, "उद्या बचत गटाची बैठक विहिरीवर घ्या."

वीसेक बायका आल्या. पुरुषांना कठड्यापासून लांब जायला सांगितलं. मग सुलक्षणानं ओढणी कमरेला घट्ट बांधली, पाठीला कॅन बांधून घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली. तिला पोहता येत नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मावशींनाही नाही. शेवटच्या पायरीवर तिनं भिंतीतला दगड घट्ट धरून ठेवला, असं ललिता सांगते.

"हात सोड," धुरपदामावशी पाण्यातून म्हणाल्या.

"सोडते."

"सोडते म्हणून सुटत न्हाई, बाई. सोड."

तिनं सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, ती पुन्हा पायरी धरायला धडपडली. मावशींनी तिच्या हनुवटीखाली हात दिला आणि तिला उताणं केलं. "आता आभाळाकडं बघ. पाय मार." ती पाय मारत राहिली. पहिल्या दिवशी विहिरीच्या मध्यापर्यंतही गेली नाही. बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या, मग ललितानं आपला पदर खोचला. तिसऱ्या दिवशी ललिताची मुलगी समृद्धी आली, तिच्या मैत्रिणी आल्या. मुलींची वेळ नऊ ते दहा ठरली आणि आबांची मोटर आणखी एक तास बंद राहायला लागली.

मेअखेर एकोणचाळीस मुलं कॅनशिवाय विहिरीचे दोन फेरे मारत होती. त्यांत चौदा मुली. सुलक्षणाला एकच फेरा जमायचा, तोही कडेकडेनं.

तळ्यांची मोजणी झाली तेव्हा आकडा एकसष्ट निघाला. पावसाळ्याच्या तोंडाशी त्रेचाळीस तळ्यांवर दोर बसले. उरलेल्या मालकांची कारणं वेगवेगळी होती. कुणाला कागद फाटायची भीती, कुणाला वाटायचं दोर बांधला की पोरं मुद्दाम येतील. एकानं सरळ सांगितलं, "रणपिसेबाई सांगणार आन् आम्ही बांधणार व्हय?" सुलक्षणानं हे ऐकून घेतलं आणि त्याच्या नावापुढे पुन्हा जायची तारीख लिहिली.

जूनच्या शेवटी मच्छिंद्रच्या चुलत्याच्या तळ्यात मोटरीच्या नळीच्या पाण्यातल्या टोकाचा फुटव्हॉल्व साफ करायला उतरलेला गडी घसरला. बिहारकडचा तरुण, आठवड्यापूर्वीच कामाला आलेला. वर कुणी नव्हतं. तो गाठी धरत धरत बाहेर आला आणि काठावर ओला बसून राहिला. चुलत्यानं विचारलं तेव्हा म्हणाला, "रस्सी थी, इसलिए हूँ." मच्छिंद्रनं सुलक्षणाला फोन केला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग घडलेलं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "ताई, त्या दिवशी व्हरांड्यात मी बोलाय नको व्हतं."

"व्हय, नको होतं," ती म्हणाली. "उरलेल्या अठरा तळ्यांवर कवा जायचं?"

दोघं मिळून गेले. ऑगस्टपर्यंत अठरांतली अकरा झाली. सात अजून बाकी आहेत.

इकडे व्हॉट्सअॅपवर फुलांची चित्रं अजून येतात, पण मधूनच कुणी विचारतं, ट्यूबा शिल्लक आहेत का, कुठल्या शाळेत दप्तरं कमी पडतायत. यंदा जूनमध्ये वाटपाच्या आधी आम्ही शाळांची यादी वाटून घेतली. ते भांडूनच झालं, पण झालं.

दिवाळीनंतर पाटसच्या बाजूनं निरोप आला, आमच्याकडेही या. तिकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. मीही सोबत होतो, मागच्या सीटवर दोराची पिशवी मांडीत घेऊन. तिथल्या तीन मंडळांचे पुढारी एका चहाच्या हॉटेलात बसले होते आणि उपक्रमाच्या बॅनरवर पहिलं नाव कुणाचं, यावर त्यांचं चाललं होतं. सुलक्षणा अर्धा तास ऐकत होती.

मग म्हणाली, "बॅनर नाही लावायचा. तळी कोण मोजणार ते सांगा."

एक जण उठून गेला. दोघे बसून राहिले, एकमेकांकडे बघत. त्यांतल्या धाकट्यानं मोटरसायकलची चावी उचलली आणि विचारलं, "आत्ताच जायचं का?"

"आत्ताच," सुलक्षणा म्हणाली, आणि चहाचा कप तसाच ठेवून उठली.