मोरीमागची निर्गुडी

आईचे दिवस आटोपून माहेराहून परत निघाले, तेव्हा तिथल्या ओढ्याकाठच्या निर्गुडीच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आमचे हे कारखान्यात लागले होते आणि आम्ही कासारवाडीला एका शेतकऱ्याच्या चाळीत राहत होतो. मोरीचं सगळं पाणी खोलीमागे साचायचं. तिथे माझी तुळस कुजली, मोगरा कुजला. निर्गुडीला मात्र ओल मानवते. दोन फांद्यांनी जीव धरला.

मला तिचा फुलोरा बघायचा होता. ओढ्यावर आई धुणं धुवायची तेव्हा त्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्यांची ही झुंबड असायची. आईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं.

पण निर्गुडी म्हणजे फुकटचं औषध. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. जो तो शेकायला कोवळे शेंडे मोडून न्यायचा, आणि तुरा तर शेंड्यालाच येतो. औषधाला नाही म्हणू नये म्हणतात. मी म्हटलं. एका सकाळी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा तोंडाचा पट्टा सोडला. घरमालकीणबाई ओट्यावरून म्हणाल्या, "लई तिखट हाय गं बाई!" असेना का. त्यानंतर झाडाला कुणी शिवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी बाळंत झाले. बाळंतपणाला जायला माहेर उरलं नव्हतं, म्हणून चाळीतच. मुलगी झाली. घरमालकीणबाईंनी पदर खोचून मला न्हाऊ घालायला घेतलं. पहिला तांब्या अंगावर पडला आणि निर्गुडीचा उग्र वास आला. मी तशीच ओरडले, "माझं झाड ओरबाडलंत ना शेवटी?"

"न्हाई गं. तुज्या झाडाला कोन हात लावतंय? पवनेच्या काठानं हिंडून आनलाय पाला. चाळीतल्या समद्या गेलो हुतो, चिखल तुडवत."

त्यांनी दुसरा तांब्या ओतला.

"आन फुललीया तुजी निरगुडी. माश्यांचा निस्ता कालवा चाललाय. ऐक."

मोरीच्या भिंतीपलीकडून तो आवाज येत होता, अगदी ओढ्यावरचा. मला रडू फुटलं. आई गेल्यापासून मी अशी रडले नव्हते.

"रड, पर पाठ कर हिकडं," त्या म्हणाल्या, "पानी निवतंय."

मी पाठ केली.