किल्लीकाकांचा मुका दारवान

किल्लीकाकांना दिसेनासं झालं, तेव्हापासून सगळं जग त्यांच्याशी गोड बोलू लागलं. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, फरक पडेल. त्यांचा मुलगा मालट्रक घेऊन बहुतेक वेळ कुठल्या तरी हमरस्त्यावर असायचा. तो फोनवर म्हणायचा, आवाजावरून तर तुम्ही ठणठणीत वाटता, बाबा. काकांनी हयातभर किल्ल्या बनवल्या होत्या. आत कुठे काय अडलंय हे त्यांच्या बोटांना कळायचं, तसंच माणसांच्या बोलण्यातलंही कळायचं. या गोडव्याचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

अपवाद एकच, त्यांची सून. दवाखान्यातून परत येताना तिनं रिक्षातच सांगून टाकलं होतं, की फरक पडेल म्हणताना डॉक्टर माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवत होते. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा काका म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." त्या दिवसापासून त्यांचे डोळे म्हणजे सूनबाई. ती म्हणेल ते पांढरं, ती म्हणेल ते काळं. आल्यागेल्याला ते अभिमानानं सांगायचे, की आमची सून पदरचं घालत नाही आणि गाळतही नाही.

सूनबाई लाँड्रीच्या दर्शनी भागात शिलाई मशीन टाकून बसायची. नवीन कपडे शिवायची नाही. घट्ट झालेले सैल करायचे, सैल झालेले आवळायचे, वडिलांचा कोट मुलाला बसवायचा, हे तिचं काम. कुणी "काय छान शिवलंय" म्हणालं, तर ती मनातून खट्टू व्हायची. हात लागलाय हे कळलंच कसं, असं तिला वाटायचं.

रविवारी दुपारी दोघं मिळून 'मिठाचा मुकुट' बघायची. म्हणजे ती बघायची आणि काका ऐकायचे. मालिका परक्या भाषेतली. संवाद खाली अक्षरांत यायचे. सूनबाई ते वाचायची आणि मधल्या जागांत चित्र सांगायची. समुद्रकाठचा किल्ला, त्यातली तरुण राणी, बाहेर वेढा घालून बसलेले तिचे तीन चुलते. घरोघरी असतात तसेच चुलते, फक्त यांच्याकडे आरमार होतं. ती राणीच्या झग्यावरचं ठिगळसुद्धा सांगायची. पहिल्या पर्वात फाटलेला झगा पुढे प्रत्येक पर्वात तिथेच ठिगळ लावलेला दिसायचा, आणि एवढ्या लढायांच्या धामधुमीत कुणीतरी ते ठिगळ लक्षात ठेवलंय, या गोष्टीनं ती त्या मालिकेवर कायमची लुब्ध झाली. काकांचं लक्ष दरवाजांवर. अडसर कुठल्या बाजूला, बिजागऱ्या किती, हे कळल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचे नाहीत. साहजिकच त्यांचा जीव जडला तो राणीवर नव्हे, किल्ल्याच्या म्हाताऱ्या दारवानावर. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, तोंडात कायम तक्रार. "हा आपल्यातला आहे," काका म्हणायचे.

मागच्या पर्वाच्या शेवटी दारवान मेला. त्याच आठवड्यात काकांनी दुकानाच्या शटरची किल्ली नव्या भाडेकरूच्या हातात ठेवली होती. दुकान आता मोबाइलची कव्हरं विकणार होतं. त्यानंतर काका नीट जेवत नव्हते. आणि रविवारी पडद्यावर भाला सरळ दारवानाच्या छातीत घुसला. सूनबाईनं काकांकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "खांद्याला लागला. आत नेलंय त्याला."

एकदा दोरा ओढल्यावर पुढची शिवण घालणं आलंच. नवं पर्व सुरू झालं, तेव्हा काकांनी पहिल्याच भागात विचारलं, की आमच्या माणसाचा आवाज कसा येत नाही? सूनबाईनं सांगितलं, जखम मानेपर्यंत गेली होती, वाचा गेली, आता खुणांनी बोलतो. काका हळहळले आणि मग खूश झाले. "मला दिसत नाही, त्याला बोलता येत नाही. आमचं बरं जमेल."

मग काय, अख्खं पर्व मुका दारवान किल्ल्यात हिंडत राहिला. सैन्य बाहेर पडताना तो कोपऱ्यात उभा राहून मान हलवायचा. सेनापती बढाई मारू लागला, की तोंडावर हात ठेवून जांभई द्यायचा. पात्रं त्याच्यासाठी रडू लागली, की सूनबाई तो शोक राणीच्या घोड्याच्या नावावर घालायची. त्यामुळे काकांच्या लेखी त्या किल्ल्यात घोड्यांना फार मान होता. दारवानाच्या खुणा ते शेजाऱ्यांना करून दाखवायचे. शेवटचा दरवाजा तोच उघडणार, असं त्यांचं ठाम मत होतं. सूनबाईला दारवान जगवणं अवघड नव्हतं. पण ज्या माणसानं अख्ख्या जगातून एका जिभेवर भरवसा ठेवला होता, त्याच्याशी ती जीभ वर्षभर खोटं बोलत होती.

शेवटच्या भागासाठी नणंद मुद्दाम आली. ती पोहायला शिकवायची. तिचा आवाज पाण्याखालीही ऐकू येतो, अशी तिची ख्याती होती. मालिका तिला तोंडपाठ. चहा घेता घेता काकांनी तिला मुक्या दारवानाची जांभई करून दाखवली. नणंदेनं तोंड उघडलं, भावजयीचा चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं. मग कपबश्या उचलायच्या निमित्तानं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"वहिनी, तो मेलाय."

"माहितीये."

"मुका कधी झाला?"

"मेल्यावर."

नणंद ओट्याला टेकली आणि तोंडात पदर कोंबून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, एवढं निभावलंस तर आजचा दिवस ढकल. शेवटचाच भाग आहे. कुणाला कळतंय?

शेवटचा भाग खरोखरच थोर होता. धुक्यातून चुलत्यांची जहाजं आली, तेव्हा सूनबाईला शिडांच्या रंगांना शब्द पुरेनात. किल्ल्यातलं पाणी संपलं होतं. माणसं वाचवायची तर समुद्राकडचा बंद दरवाजा उघडून त्यांना होड्यांत बसवणं एवढा एकच मार्ग उरला होता. काका खुर्चीच्या कडेला सरकले. मांडीवरची त्यांची बोटं किल्ली धरल्यासारखी मिटली. "आता बघ," ते लेकीला म्हणाले, "आता आमचा माणूस येतो."

पडद्यावर राणी एकटीच अंगणात आली, कुदळ घेऊन. दारवानाला त्याच्या जुडग्यासकट पुरलं होतं. ती थडगं खणू लागली.

सूनबाई थांबली. नणंदेनं ओठांनीच सुचवलं, पेटी म्हण, पेटी खणून काढतेय म्हण. तेही सोपं होतं. दारवान आला, त्यानं राणीच्या हातातली कुदळ घेतली, एवढं एक वाक्य टाकलं असतं तर शिवण दिसलीही नसती. पण राणी खणता खणता थांबली आणि मातीशी बोलू लागली. खाली अक्षरं आली. वाक्य इतकं नेटकं होतं, की ते कापायला सूनबाईचा हात धजेना. तिनं वाचलं:

"दार लावायला तू शिकवलंस. उघडायचं कसं, ते सांगायला थांबला नाहीस."

"कुणाशी बोलतेय?" काकांनी विचारलं.

"दारवानाशी. थडग्यात आहे तो."

"कधी गेला?"

"मागच्या पर्वात. भाला छातीत लागला होता, बाबा."

नणंदेनं चित्र थांबवलं. काकांनी विचारलं, की वर्षभर जांभया देत होता तो कोण. मी, असं सूनबाई म्हणाली. दुकान गेलं त्या आठवड्यात तुम्हाला सांगवेना, हेही सांगितलं. माफी मागितली नाही; मागितली असती तर काकांना तीही गोड वाटली असती.

"तूही," काका म्हणाले. एवढंच. आणि मग, "लाव पुढे. सगळं वाच."

सूनबाईनं सगळं वाचलं. राणीला जुडगा सापडला, दरवाजाला किल्ली लागली.

"तेल घातलं?" काकांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"नाही."

"वर्षभर मातीत पडलेली किल्ली आहे. फिरायची नाही."

"फिरली. एका झटक्यात."

"मग ते मालिकावाले तुझ्याहून खोटं बोलतात," काका म्हणाले. "तू निदान त्याची वाचा तरी घालवलीस. सोय केलीस. यांनी थेंबभर तेल नाही घातलं."

होड्या निघाल्या. राणी दरवाजात मागे उभी राहिली आणि तिनं तो आतून लावून घेतला. संगीत वाजू लागलं. काकांनी तोंड लेकीच्या दिशेनं वळवून विचारलं, की मी रडलोय असं दिसतंय का? छे हो बाबा, काहीतरीच, असं लेक म्हणाली.

"सूनबाई?"

"दिसतंय. डावीकडे मिशीपर्यंत आलंय."

काकांनी डावीकडे पुसलं.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत जो तो शेवटावर नाराज होता. एकाला लग्न हवं होतं, एकाला मोठी लढाई हवी होती, आणि मालकाला तर ज्यानं लिहिलं त्याला किल्ल्याच्या तटावरून खाली ढकलायचं होतं. सूनबाई पँटची शिवण उसवता उसवता म्हणाली, की याहून चांगला शेवट करता आला नसता. कारण विचारलं, तर सांगितलं नाही.

काकांनी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, की शेवटचं पर्व पहिल्यापासून बघायचं, आहे तसं. रविवारी तिनं पहिला भाग लावला. सैन्य बाहेर पडलं. तिनं वाचलं, घोडे सांगितले, झेंडे सांगितले.

"कोपऱ्यात कोण आहे?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. रिकामा आहे."

"थांबव." काका खुर्चीत मागे टेकले. "हे झालं त्यांचं. आता तू काय घातलं होतंस ते सांग."